विल्यम कॅरीच्या घरातली बंद खोली

१७९३ सालच्या मे महिन्याच्या अखेरची सकाळ. इंग्लंडच्या नॉर्थम्पटन परगण्यातल्या पिडिंग्टन आणि हॅकल्टन या शेजारशेजारच्या खेड्यांकडे दोन पुरुष घाईघाईने चालत निघाले होते. रात्रभर घोडागाडीतून प्रवास करून ते लंडनहून आले होते. एकाचे नाव विल्यम कॅरी. वय एकतीस, धंद्याने आधी चांभार, मग शाळामास्तर आणि आता धर्मोपदेशक. दुसरा जॉन थॉमस, जहाजावरचा डॉक्टर. कॅरीची बायको डोरोथी तिथे माहेरच्या माणसांत राहत होती. तीन आठवड्यांपूर्वीच ती बाळंत झाली होती. मूल अंगावर होते, आणखी दोन मुलगे घरात होते. नवऱ्याने न्याहारी केली आणि तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. उद्या-परवाच निघायचे, सगळ्यांनी मिळून हिंदुस्थानात, बहुधा कायमचे.

डोरोथी नाही म्हणाली. हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती.

मराठी वाचकाला विल्यम कॅरी अगदीच परका नाही. मराठी गद्याचा इतिहास सांगणारे कोणतेही पुस्तक उघडले की पहिल्या काही पानांतच श्रीरामपूरच्या मिशन छापखान्याचे नाव येते. (हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. कलकत्त्याजवळ, हुगळीच्या काठचे, त्या काळी डॅनिश लोकांच्या ताब्यातले.) १८०५ साली मराठी भाषेचे इंग्रजीत लिहिलेले व्याकरण तिथून निघाले, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला. दोन्हींचा कर्ता कॅरी. त्याने महाराष्ट्रात कधी पाऊल टाकले नाही, पण कलकत्त्यात बसून तो इंग्रज अधिकाऱ्यांना मराठी शिकवीत असे. परीक्षेपुरते एवढे आपल्याला ठाऊक असते. त्याला इथवर आणणारा प्रवास कसा ठरला, त्याची तयारी कोणी केली आणि त्याची किंमत कोणी मोजली, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी पॉलर्सपरी या खेड्यात झाला. बाप एडमंड विणकर होता, पुढे गावच्या शाळेत मास्तर झाला. पोराला झाडेझुडपे, किडे, पाखरे यांचे वेड. पण पोट भरायला हुन्नर हवा, म्हणून त्याला पिडिंग्टनच्या एका जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. आरी-दोऱ्याबरोबर त्याने पुस्तकेही धरली. लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच, फ्रेंच अशी एकेक भाषा तो जवळजवळ स्वतःच्या बळावर शिकत गेला.

१० जून १७८१ रोजी पिडिंग्टनच्या चर्चमध्ये त्याचे डोरोथी प्लॅकेटशी लग्न लागले. तो अजून वीस वर्षांचाही नव्हता, ती त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. चर्चच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिने फुली मारली, कारण तिला लिहिता येत नव्हते. त्यात तिचा काही कमीपणा नव्हता. तिच्या पिढीतल्या खेड्यातल्या बायका बहुतेक तशाच. ती एका खटपट्या, कष्टाळू चांभाराशी लग्न करीत होती. तो पुढे काय होणार आहे, हे तेव्हा त्याला तरी कुठे ठाऊक होते?

संसार हलाखीचा होता. पहिली मुलगी ॲन दोन वर्षांची होण्याच्या सुमारास तापाने गेली. त्याच आजारात कॅरीचे केस गेले आणि ऐन विशीत त्याला टोप घालावा लागला. पुढे मोल्टन या गावी तो बाप्टिस्ट पंथाच्या लहानशा मंडळीचा उपदेशक झाला. दिवसा शाळा, रात्री जोडे, रविवारी प्रवचन, आणि तरीही घरात महिनेन् महिने मांस शिजत नसे. मात्र भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा होता. त्याने तो स्वतःच कागद जोडून तयार केला होता. प्रत्येक देशावर तिथली लोकसंख्या, धर्म आणि चालीरीती यांची टिपणे होती. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णने वाचून त्याला दूरच्या बेटांचे वेड लागले होते. शाळेत शिकवायला त्याने चामड्याचा पृथ्वीगोल शिवला होता, म्हणतात. खरे असेल. चामडे तर हाताशी होतेच!

नकाशावरच्या टिपणांचे पुढे पुस्तक झाले. १७८९ साली तो लेस्टर शहरात मोठ्या मंडळीवर गेला आणि मे १७९२ मध्ये त्याने ८७ पानांचे ते पुस्तक छापले. ख्रिस्ती न झालेल्या लोकांपर्यंत जाणे हे आजच्या ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे की नाही, याची ती चौकशी होती. आज वाचताना नजर त्यातल्या कोष्टकांवर खिळते. देशामागून देश, त्याची लांबी-रुंदी मैलांत, लोकसंख्या, धर्म. जगाची एकूण बेरीज त्याने ७३ कोटी १० लाख केली होती, पैकी ४२ कोटी त्याच्या मते अंधारात. हे एका खेड्यातल्या चांभाराने, उसन्या पुस्तकांवरून, मेणबत्तीच्या उजेडात केलेले काम आहे, हे विसरता कामा नये. आकडे चुकलेले असतील. पण जग असे बसून मोजायचे, ही वृत्तीच विलक्षण होती.

त्याच पुस्तकात परदेशी जाणाऱ्यांनी काय काय सोबत न्यावे हेही तो सांगतो. सुऱ्या, बंदुकीची दारू आणि छर्रे, मासे धरायची साधने, शेतीची अवजारे, बियाणे. माणसे किमान दोन असावीत. त्यांचा वेळ पोटापाण्याच्या खटपटीत जाऊ नये म्हणून आणखी काही जणांनी बायका-मुलांसह बरोबर जावे आणि शेती करावी, गुरे पाळावीत. बायका आणि मुले अशी त्या योजनेत शिरतात, बियाण्याच्या आणि गुरांच्या शेजारी. त्यांना विचारायचे की नाही, हा प्रश्न ८७ पानांत कुठे येत नाही. त्या काळी तो कोणाला पडलाही नसता, हे मान्य केले पाहिजे. तरीही तो आपल्याला पडतो.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी वॉलिस नावाच्या विधवा बाईंच्या घरात, मागच्या लहान खोलीत, डझनभर माणसे जमली. बहुतेक खेड्यापाड्यांतले गरीब उपदेशक. कॅरीने फार धरणे धरले म्हणून त्या रात्री एक मिशनरी सोसायटी स्थापन झाली. अँड्र्यू फुलर सचिव झाला. वर्गणीचे वायदे चिठ्ठ्यांवर लिहून त्याच्या तपकिरीच्या डबीत टाकण्यात आले. बेरीज झाली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. एवढ्या भांडवलावर जगाच्या दुसऱ्या टोकाला माणूस पाठवायचा होता. कोण जाणार, कुठे जाणार, काहीच ठरले नव्हते.

ठरले ते जानेवारी १७९३ मध्ये, जॉन थॉमसमुळे. हा डॉक्टर कंपनीच्या जहाजावरून बंगालमध्ये जाऊन आला होता, तिथे राहिला होता, बंगाली शिकला होता. स्वभावाने तापट, उत्साही, मनाचा मोठा, आणि पैशाच्या बाबतीत साफ बेभरवशाचा. त्याच्या मागे देणेकरी लागले होते. केटरिंगच्या बैठकीत त्याने बंगालची हकीकत सांगितली आणि त्याच बैठकीत कॅरी उठून त्याच्याबरोबर जायला तयार झाला. दक्षिण समुद्रातली बेटे मागे पडली. आता बंगाल.

मग तो लेस्टरला घरी गेला आणि बायकोला सांगितले. ठरवून आल्यावर सांगितले, हे महत्त्वाचे.

डोरोथीची त्या वेळची स्थिती काय होती? ती चार-पाच महिन्यांची गरोदर होती. दोन मुली तिने पुरल्या होत्या, तीन मुलगे पदरात होते, थोरला फेलिक्स सात वर्षांचा. फेब्रुवारी उजाडताच फ्रान्सने इंग्लंडशी युद्ध पुकारले आणि समुद्रावर शत्रूची जहाजे फिरू लागली. ज्या देशात जायचे तिथे ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य, आणि कंपनीला तिथे मिशनरी नको होते. परवान्याशिवाय उतरणारा माणूस परत पाठवला जाऊ शकत होता. हाताशी पैसा नव्हता. बरोबरचा डॉक्टर कर्जबाजारी. कोणत्याही शहाण्या बाईने जे म्हटले असते तेच ती म्हणाली. तिकडे पॉलर्सपरीला कॅरीच्या म्हाताऱ्या बापालाही पोराचे डोके ठिकाणावर आहे असे वाटले नाही. पण बापाच्या नकाराला चरित्रकारांनी वात्सल्य म्हटले आणि बायकोच्या नकाराला आडमुठेपणा.

कॅरीने तोडगा काढला. आपण फेलिक्सला घेऊन पुढे जायचे, बस्तान बसले की परत येऊन बाकीच्यांना न्यायचे. तो प्रेमळ होता. घर सोडताना त्याची घालमेल झाली हे त्याच्या पत्रांवरून दिसते. पण देवाचे बोलावणे आणि बायकोचे म्हणणे यांत त्याला तराजू धरावासा वाटला नाही. २६ मार्चला त्याने लेस्टर सोडले.

एप्रिलमध्ये ते ‘अर्ल ऑफ ऑक्सफर्ड’ या जहाजावर चढले. परवाना नव्हताच. भले कप्तान ओळखीचा, म्हणून गुपचूप जायचा बेत. जहाज युद्धामुळे काफिल्याची वाट पाहत आइल ऑफ वाइटजवळ आठवडेच्या आठवडे अडकून पडले. कॅरी काठावर राइड गावी मुक्काम करून राहिला आणि तिथेच मे महिन्यात त्याला डोरोथी सुखरूप बाळंत झाल्याचे पत्र मिळाले. मुलाचे नाव जाबेझ. मग कप्तानाला कोणीतरी पत्र पाठवून ताकीद दिली, थॉमसचे देणेकरीही निघाले, आणि दोघांना सामानासकट किनाऱ्यावर उतरवण्यात आले. थॉमसची बायको आणि मुलगी मात्र जहाजावरून पुढे गेल्या.

कॅरी खचला. थॉमस खचणाऱ्यांतला नव्हता. लंडनच्या एका कॉफीगृहात चौकशी करता करता त्याला समजले की कोपनहेगनहून एक डॅनिश जहाज बंगालला निघाले आहे आणि चार-पाच दिवसांत डोव्हरजवळून जाईल. डॅनिश जहाजाला कंपनीचा परवाना लागत नाही. भाडे मोठ्या माणसाला १०० पौंड, मुलाला ५०, नोकराला २५. रात्रीची गाडी धरून दोघे नॉर्थम्पटनला आले. या लेखाच्या सुरुवातीची सकाळ ती हीच.

डोरोथी नाही म्हणाल्यावर दोघे उठले आणि वाटेला लागले. काही अंतर गेल्यावर थॉमस थांबला. आपण परत जाऊन एकदा बोलून पाहतो, म्हणाला. कॅरीला त्यात अर्थ दिसला नाही, पण तो अडवायलाही गेला नाही. थॉमसने परत जाऊन विनवण्या केल्या नाहीत, धाक घातला. आत्ता आली नाहीस तर तुझे कुटुंब कायमचे दुभंगेल आणि जन्मभर पस्तावशील, असे त्याने तिला बजावले. बाळंतपण होऊन तीन आठवडे झालेली बाई. थोरला मुलगा तर आधीच तिच्याकडून गेलेला. ती तयार झाली. अट एकच घातली, पाठची बहीण किटी बरोबर यायला हवी. किटी क्षणभर आत जाऊन प्रार्थना करून आली आणि हो म्हणाली. माझ्या मते या सगळ्या कथेत आपल्या मर्जीने निघालेली बाई एकच, ती किटी.

पुढचे सगळे एका दिवसात उरकले. होते ते सामान विकले, उरलेले बांधले. आता माणसे आठ झाली, भाडे ६०० पौंडांच्या घरात गेले आणि जवळ त्याच्या निम्मेही नव्हते. फुलर आणि रायलंड यांनी इकडून तिकडून उसनवारी केली. थॉमसने कंपनीच्या दलालाशी घासाघीस केली. आपण आणि किटी नोकरांच्या दराने जाऊ, खलाशांच्या पंगतीला बसू, कुठेही झोपू, म्हणाला. सौदा ३०० गिनींना तुटला. (जहाजावर चढल्यावर भल्या कप्तानाने दोघांनाही चांगल्या खोल्या दिल्या, हा भाग वेगळा.) एवढी घाई करून डोव्हरला पोचले, तर जहाजाचा पत्ता नाही. बरेच दिवस वाट पाहावी लागली. १३ जून १७९३ रोजी ‘क्रोन प्रिन्सेसा मारिया’ने शीड उभारले. कॅरीच्या रोजनिशीत त्या दिवसाचा आनंद ओसंडतो आहे. डोरोथीची रोजनिशी नाही.

पाच महिन्यांनी, ११ नोव्हेंबरला, ते कलकत्त्याला पोचले. प्रवासात कॅरी थॉमसकडून बंगाली शिकला. विकायला आणलेल्या मालाचे पैसे थॉमसच्या हाती होते आणि ते त्याच्या हाती राहणार नव्हतेच. काही आठवड्यांत कुटुंब रस्त्यावर आले. एका सावकाराने माणिकतळ्याची पडीक जागा राहायला दिली. तिथे डोरोथी आणि फेलिक्स रक्ती आवेने आजारी पडले. दोघी बहिणी कॅरीवर चिडल्या होत्या. न चिडल्या तर नवल. फेब्रुवारी १७९४ मध्ये सुंदरबनच्या कडेला देभाट्याला बिऱ्हाड गेले. तिथे वाघ होते, पण चार्ल्स शॉर्ट नावाचा एक दयाळू इंग्रज अधिकारीही होता. त्याने आसरा दिला आणि पुढे किटीशी लग्न केले. तेव्हा डोरोथीचा तो एक आधारही सुटला.

उन्हाळ्यात माल्द्याजवळ मदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर कॅरीला दरमहा २०० रुपयांची नोकरी मिळाली आणि पोटाची विवंचना मिटली. पण ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. जात जाईल या भीतीने कबर खणायला, शव उचलायला माणूस मिळेना. परक्या मुलखात, स्वतः तापाने फणफणलेल्या आईबापांनी ते मूल कसे पुरले असेल, याची कल्पना करवत नाही.

त्यानंतर डोरोथीचे मन ढळले. १७९५ पासून तिला नवऱ्याच्या चारित्र्याचा संशय येऊ लागला. तो वाढत गेला. ती त्याच्या मागे रस्त्याने जाई, लोकांसमोर अद्वातद्वा बोले. जिवावरही उठली. मधे शांत काळ येत, मग पुन्हा तेच. आज याला आजाराचे नाव देता येते, औषध देता येते. तेव्हा काहीच नव्हते. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे असे स्नेह्यांनी सुचवले, पण तिथले हाल ठाऊक असल्याने कॅरीने ते मानले नाही. तिला घरातच ठेवले, पुढे पुढे खोलीला कडी घालून. बारा वर्षे. त्याच्या बाजूने एवढे सांगितलेच पाहिजे.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी श्रीरामपूरला आला. मार्शमन, वॉर्ड हे सोबती मिळाले, छापखाना उभा राहिला. आईविना वाढल्यासारख्या त्याच्या मुलांना मार्शमनच्या बायकोने, हॅना मार्शमनने, मायेने सांभाळले. त्याच वर्षी २८ डिसेंबरला कृष्ण पाल हा पहिला बंगाली ख्रिस्ती झाला. हुगळीच्या पात्रात कॅरीने त्याचा आणि स्वतःच्या फेलिक्सचा बाप्तिस्मा केला. सात वर्षांची वाट पाहणे फळाला आले. त्या दिवशी डोरोथी खोलीत कोंडलेली होती, आणि थॉमसही. आनंदाने त्याचेही डोके फिरले होते.

१८०१ पासून कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला, पुढे मराठीही. कॉलेजातले मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा हे त्याचे गुरू. १८०५ चे व्याकरण मुख्यतः त्यांच्याच माहितीवर उभे आहे. मोडीचे खिळे तयार नव्हते म्हणून ते नागरीत छापले. पाच वर्षांनी निघालेल्या कोशाला मोडी मिळाली. त्याच १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आले, पुढे ‘सिंहासनबत्तिशी’, ‘हितोपदेश’, रघुजी भोसल्यांची वंशावळ. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण यायला अजून तीस वर्षे होती. मराठीची विभक्ती आणि क्रियापदे जुळवीत कॅरी टेबलाशी बसे, तेव्हा शेजारच्या खोलीतून बायकोचा आरडाओरडा ऐकू येत असे. त्या आवाजात हा माणूस भाषांतराची प्रुफे तपासू शके, याचे त्याच्या सहकाऱ्यांना कौतुक वाटे. मला त्याचे कौतुक वाटते आणि अंगावर काटाही येतो.

सतीबंदीच्या इतिहासातही कॅरीचे नाव आहे. १७९९ साली त्याने नदीकाठी एका विधवेला चितेवर चढताना पाहिले. ती आपखुशीने जाते आहे, असे जमलेले लोक सांगत होते, तीही तसेच दाखवत होती. कॅरीला ते पटले नाही. चारी बाजूंनी माणसे उभी असताना दिलेल्या संमतीला संमती म्हणायचे का, हे त्याला तिथे स्पष्ट दिसले आणि त्याने जीव तोडून विरोध केला. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा हुकूम बंगालीत उतरवण्यासाठी त्याच्याकडे आला, तेव्हा तो दिवस रविवारचा असूनही त्याने प्रवचन दुसऱ्यावर सोपवले आणि भाषांतराला बसला. एक दिवसाचा उशीर म्हणजे आणखी काही बायकांचा जीव, असा त्याचा हिशेब होता. दुसऱ्याच्या अंगणातले त्याला लख्ख दिसले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका सकाळी दार ठोठावून मिळवलेला होकार त्याला तेव्हा आठवला असेल का?

डोरोथी ८ डिसेंबर १८०७ रोजी तापाने गेली. सहा महिन्यांच्या आत कॅरीने शार्लट रुमोर या सुशिक्षित, अनेक भाषा जाणणाऱ्या डॅनिश बाईशी लग्न केले आणि तेरा वर्षे सुखाचा संसार केला. ती गेल्यावर तिसरे लग्न केले. फेलिक्स ब्रह्मदेशात गेला. डोव्हरला आईच्या कुशीत असलेला जाबेझ १८१४ साली स्वतः मिशनरी होऊन, नवी बायको बरोबर घेऊन, मलुकू बेटांकडे रवाना झाला. कॅरी इंग्लंडला कधीच परतला नाही. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरलाच त्याने देह ठेवला.

चरित्रे पुष्कळ निघाली. त्यांत डोरोथी बहुतेकदा थोर नवऱ्याच्या वाट्याला आलेली अडाणी, किरकिरी बायको म्हणून येते. तिच्या बाजूने स्वतंत्र पुस्तक निघायला १९९२ साल उजाडावे लागले. श्रीरामपूरच्या मिशनच्या कबरस्तानात कॅरीची समाधी आहे. आपल्याला कुठे पुरावे हे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. दुसरी बायको शार्लट हिच्या शेजारी.